सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात रोज एक तास द्या: नागपूरच्या शिक्षण विभागांना खुले पत्र

प्रति,
शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नागपूर
शिक्षणाधिकारी, नागपूर महानगरपालिका
तसेच सर्व गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख

सविनय नमस्कार,

येत्या जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतील, तेव्हा २०२०-२१ मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल सातवीत बसेल. करोनामुळे त्याची पहिली पूर्ण घरी गेली. दुसरीचाही मोठा भाग घरीच गेला, कारण ग्रामीण भागातील पहिली ते चौथी आणि शहरातील पहिली ते सातवीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले आणि जानेवारीत पुन्हा बंद झाले. त्याच्या पुढची तुकडी आता आठवीत आणि मागची सहावीत येते आहे. अक्षर आणि अंक पक्के होण्याच्या वयात ज्यांना फळा मिळाला नाही, ती या तीन तुकड्यांची मुले.

आमची मागणी एकच आहे. सहावी ते आठवीच्या या मुलांसाठी १ जुलै ते १५ फेब्रुवारी रोज एक तास वेळापत्रकात धरा. या तासाला मुले इयत्तेने न बसवता जिथे अडली आहेत त्या पायरीने बसवा. त्या तासात दुसरे कोणतेही काम नको. दिवाळी आणि सणांच्या सुट्ट्या वजा जाता किमान सव्वाशे तास हाती लागतात. नीट वापरले तर पुरतात.

एवढ्या योजना झाल्या, आता आणखी एक कशाला, असे वाटेल. म्हणून आधीच्या उपायांत ही मुले कुठे निसटली ते सांगतो. १ जुलै २०२१ पासून मागे राहिलेले भरून काढण्यासाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास दुसरी ते दहावीसाठी आला, त्यात तीन चाचण्या होत्या. पण तेव्हा प्राथमिक शाळाच बंद होत्या. ज्या मोबाइलवरून शिक्षण पोहोचले नव्हते, त्याच मोबाइलवरून सेतूही आला. पुढच्या वर्षी वर्गात सेतू झाला, पण तो मागच्या इयत्तेच्या क्षमतांवर बेतलेला. चौथीच्या मुलाला तिसरीचा सेतू दिला आणि ते मूल पहिलीच्या बाराखडीवर अडलेले असले, तर सेतूचे पहिले टोकच त्याच्या हाती लागत नाही. निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचे केंद्राचे अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले, त्याचे उद्दिष्ट तिसरीपर्यंतचे आणि मुदत २०२६-२७. त्या मुदतीच्या वर्षी आमची मुले सहावी-सातवी-आठवीत आहेत. राज्याचा निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम मार्च २०२५ मध्ये आला तो दुसरी ते पाचवीसाठी. तेव्हा आजची सातवीची तुकडी पाचवीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर होती आणि आठवीची तुकडी सहावीत असल्याने बाहेरच राहिली.

‘असर’ या प्रथम संस्थेच्या शिक्षण पाहणीचे आकडे सुधारले, हे खरे आहे. देशातील ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ झाली आणि २०२४ मध्ये २३.४. मात्र २०२४ ची तिसरी वेगळ्या मुलांची आहे. २०२२ मध्ये ज्यांच्यामुळे आकडा १६.३ वर आला, ती तिसरी म्हणजेच २०२०-२१ ची पहिली. ती मुले आकड्यातून पुढे सरकली. शिवाय ‘असर’ गावांतच होतो, त्यामुळे पारडी, कळमना, भांडेवाडी या नागपूर शहरातल्या वस्त्यांतल्या मुलांचे त्यात काहीच दिसत नाही.

आता मुले नेमकी कुठे अडतात ते पाहू. वही बघून हे कळणार नाही. या मुलांचे अक्षर बहुधा चांगले असते, वही भरलेली असते आणि फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवलेले असते. शाळा बंद असताना गृहपाठाचा फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकायचा असे, तेव्हापासून उतरवून काढण्याची सवय पक्की झाली आहे. त्याच वहीतली ओळ बोटाने झाकून मधलाच एक शब्द दाखवा. मूल गप्प होते किंवा पहिले अक्षर पाहून अंदाज करते: ‘भाकर’ असेल तर ‘भाजी’ म्हणते.

बाराखडीचेही तसेच आहे. क, का, कि, की असे सुरात सगळे येते. पण नुसता ‘मो’ दाखवला तर मूल मनातल्या मनात म, मा, मि, मी करत तिथवर चढत येते. ज्याला प्रत्येक अक्षरासाठी असा जिना चढावा लागतो, ते मिनिटाला पंधरा-वीस शब्दांच्या पुढे जात नाही. निपुण भारतमध्ये तिसरीअखेरची अपेक्षा मिनिटाला किमान ६० शब्दांची आहे. सहावीच्या इतिहासातला दीडशे शब्दांचा परिच्छेद वीसच्या वेगाने वाचायला साडेसात मिनिटे लागतात आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मग आपण शेरा मारतो, ‘आकलन कमी’. आकलनाचा प्रश्न तोवर आलेलाच नसतो.

त्यानंतरची अडचण जोडाक्षरांची. पाठ्यक्रमात जोडाक्षरे उशिरा येतात आणि शिकवताना आपण क्ष, ज्ञ, रफार, रकार यांच्यावरच भर देतो. प्रत्यक्ष मजकुरात सगळ्यांत जास्त भेटणारी जोडाक्षरे ‘या’ची असतात: घराच्या, माझ्या, त्या, गेल्या, होत्या, गाड्या. मराठीच्या जवळपास प्रत्येक वाक्यात यांतले एखादे असते. म्हणून च्या, ल्या, त्या, झ्या, ड्या, न्या ही सहा आधी आठवडाभर पक्की करा, मग वाचनाचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो. रफार आणि रकार यांचा गोंधळ (‘कर्म’ आणि ‘क्रम’) त्याच्या पुढच्या आठवड्यात घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या टप्प्यावर धरूच नका. मूल वाचायला लागले की त्या पुष्कळशा आपोआप कमी होतात, आणि आधी धरल्या तर ते तोंडच उघडत नाही.

तपासणी तोंडी आणि एकेकट्याची हवी. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचा पेपर प्रामुख्याने लेखी असतो, इयत्तेला एकच असतो. त्यातून मुलाला २० पैकी ४ मिळाले हे कळते, ते कुठल्या पायरीवर थांबले ते कळत नाही. आम्ही सुचवतो ती तपासणी चार मिनिटांची आहे. मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात बोलवा, बाकीच्यांच्या देखत नको. आधी चार ओळींचा न पाहिलेला उतारा द्या. तो सलग वाचला तर दहा ओळींची गोष्ट आणि तिच्यावर दोन प्रश्न. उताऱ्यात चारपेक्षा जास्त ठिकाणी अडले तर दहा सुटे शब्द. शब्दांत अडले तर उलटसुलट क्रमाने दहा अक्षरे, त्यातली पाच काना-मात्रेची. जिथे थांबले ती पायरी कागदावर लिहायची, गुण द्यायचे नाहीत. ३५ मुलांना साधारण अडीच तास लागतात. दोन दिवसांत होते, तोवर वर्गाला चित्र काढणे किंवा वाचनपेटी द्यावी. पाठ्यपुस्तकातला उतारा मात्र वापरू नका. दुसरीचे धडे कित्येकांना ऐकून पाठ असतात आणि पाठ म्हणणारे मूल बोटसुद्धा ओळीवरून बरोबर फिरवते.

गणितात आधी संख्या लिहायला सांगा. दहा संख्या पुरेत: १९, २९, ४३, ३४, ५९, ६९, ७८, ८७, ९०, १०५. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिले तर मुलाने ‘साठ’ पकडला आणि नऊ जोडला. ‘त्रेचाळीस’ला ३४ लिहिले तर जे आधी ऐकू आले ते आधी लिहिले. ‘एकशे पाच’ला १००५ लिहिले तर स्थानिक किंमत आलेलीच नाही. आपल्याकडे यात आणखी एक भर असते. दुकानात आणि गल्लीत आकडे हिंदीत चालतात, त्यामुळे मूल ‘पचपन’ बरोबर लिहिते आणि ‘पंचावन्न’ला थबकते. ते संख्येत कच्चे नाही, त्याला मराठी नाव सापडत नाही. त्याला ‘पन्नास पाच’ असे म्हणू द्या. दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत २०१९ मध्ये आली तेव्हा बराच गदारोळ झाला होता, पण अशा मुलांना ती उपयोगी पडते असे आमचे मत आहे.

मग एकच वजाबाकी द्या: ५०३ − १७८. उत्तर ३२५. चुकीची उत्तरे मात्र बोलकी असतात. ४७५ आले तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला: पाचातून एक, सातातून शून्य, आठातून तीन. त्याला दशक सुटा करणे ही कल्पनाच पोहोचलेली नाही. ३३५ आले तर गोष्ट वेगळी आहे. त्याने शतक सुटे केले, दशकाच्या घरात दहा आणले, त्यातला एक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायला विसरला. पहिल्याला तीन आठवडे लागतील, दुसऱ्याला दोन दिवस. लेखी पेपरात दोघांनाही शून्य मिळते आणि दोघांना सारखीच ‘उपचारात्मक’ उदाहरणे दिली जातात. भागाकारासाठी ८२४ ÷ ८ घ्या. १०३ ऐवजी १३ आले तर शून्य गाळले आहे. तेही स्थानिक किंमतीचेच दुखणे आहे, भागाकाराचे नाही.

४७५ वाल्याला फळ्यावर पुन्हा रीत दाखवून उपयोग नाही. त्याच्या हातात नोटा द्या. चार मुलांच्या गटाला १०० च्या १०, १० च्या २० आणि १ च्या २० अशा खेळण्यातल्या नोटा लागतात. दहाच्या आणि एकच्या वीसच का, तर शंभर मोडल्यावर दहाच्या नोटा आधीच्यांत मिळवाव्या लागतात. दहाच दिल्या तर खेळ मध्येच अडतो. मुलाने ५०३ मांडायचे आणि १७८ द्यायचे. एकच्या नोटा तीनच आहेत, दहाची एकही नाही, म्हणजे शंभराची मोडावी लागणार, हे त्याला हातानेच कळते. सुरुवातीचे पाच दिवस लिहिणे नको, नुसता व्यवहार करू द्या. मग दोन दिवस नोटा आणि वही शेजारी शेजारी, आणि मग नुसती वही. हा मधला टप्पा वगळला की मुले नोटांनी बरोबर आणि वहीत चूक करतात, आणि आपण म्हणतो साहित्याचा उपयोग नाही. नोटा नसतील तर खराट्याच्या काड्या: गटाला १२०, त्यांतले नऊ गठ्ठे रबर लावून बांधलेले आणि ३० सुट्या. याने दोन अंकी वजाबाकीपर्यंतचे काम होते.

हा तास कोणता असावा, हेही आदेशात लिहा. पहिला नको, शेवटचा नको. परिपाठानंतर उशिरा येणारी मुले असतात, खिचडीनंतर काही परत येत नाहीत. पोषण आहाराच्या आधीचा तास घेतला तर सगळ्यांत जास्त मुले हजर सापडतात. दिवाळीपर्यंत त्यातली ४० मिनिटे भाषेला आणि २० गणिताला द्यावी, दिवाळीनंतर २५ आणि ३५. भाषेचे गट आणि गणिताचे गट सारखे नसतात. चांगले वाचणारे मूल वजाबाकीत अडलेले असते आणि उलटही. पण एका तासात दोनदा वर्ग बदलायला लावले तर दहा मिनिटे येण्याजाण्यात जातात. म्हणून दिवाळीपर्यंत गट भाषेचेच ठेवून गणितात सगळ्यांकडून तोंडी संख्याकाम आणि नोटांचे व्यवहार घ्यावेत, दिवाळीनंतर गणितासाठी नवे गट करावेत. तीन शिक्षक असतील तर तीन गट करा: अक्षर-शब्दांवरचे, वाक्य-परिच्छेदावरचे आणि गोष्ट वाचू शकणारे. सगळ्यांत खालच्या गटाला शाळेतला सर्वांत अनुभवी शिक्षक द्यावा. होते नेमके उलट: नवीन लागलेल्याला तो गट मिळतो.

खालच्या गटाची ४० मिनिटे अशी: पाच मिनिटे गप्पा आणि मुलांच्या बोलण्यातली तीन-चार वाक्ये फळ्यावर, दहा मिनिटे तीच वाक्ये बोट ठेवून आधी सगळ्यांनी, मग एकेकाने, दहा मिनिटे बाराखडीच्या तक्त्यावर उलटसुलट अक्षरे, दहा मिनिटे जोडीने कार्ड वाचणे, शेवटी पाच शब्दांचे श्रुतलेखन. दर सहा आठवड्यांनी पुन्हा चार मिनिटांची तपासणी करून गट बदलावेत. गट बदलले नाहीत तर खालचा गट म्हणजे ‘ढ’ मुलांची तुकडी होते आणि ती कायमची होते.

वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न मोठ्या मुलांत नाजूक आहे. तेरा वर्षांच्या मुलासमोर पहिलीचे पुस्तक ठेवले की ‘हे तं लहान पोरायचं पुस्तक आहे’ म्हणून ते बाजूला सारते, आणि त्याचे चुकत नाही. मजकूर सोपा हवा, विषय त्याच्या वयाचा हवा. जोडाक्षराशिवाय एक कार्ड असे होते:

‘पहाटे चार वाजता बाजार उघडला. खूप माल आला. माल वाढला, भाव उतरला. दुपारी पाऊस आला. उरलेला माल तसाच राहिला.’

हेच पुढच्या कार्डात ‘कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या गाड्या आल्या’ असे होते आणि ‘या’ची बहुतेक जोडाक्षरे एका ओळीत येतात. जामठ्याच्या क्रिकेट सामन्याचा धावफलक, मेट्रोच्या स्थानकांची नावे, रेशन दुकानावरचा फलक, वीजबिलाचा वरचा भाग, असे पन्नास कार्डांचे दोन संच एका शाळेला वर्षभर पुरतात. टॅबलेट आणि स्मार्ट टीव्हीची मागणी आम्ही करत नाही. तक्ता आणि कार्ड यांना चार्जिंग लागत नाही, एवढेच म्हणतो.

महानगरपालिकेच्या हिंदी आणि उर्दू माध्यमांच्या शाळांसाठी मराठी तपासणीचे भाषांतर चालणार नाही. उर्दूत अक्षराचे रूप शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बदलते, त्यामुळे सुटे अक्षर ओळखणारे मूल शब्दात तेच अक्षर चुकते. तिथे अक्षर आणि शब्द यांच्या मध्ये आणखी एक पायरी लागते. रामटेक-देवलापारकडच्या गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी गप्पांची पाच मिनिटे पंधरा करा, वाचन मागाहून आले तरी चालेल.

पदवीधर शिक्षक म्हणतील, आम्ही विज्ञान शिकवतो, अक्षरे कशी शिकवायची ते आम्हांला शिकवलेले नाही. रास्त आहे. पण त्याच शाळेत पहिली-दुसरीच्या बाई असतात आणि त्यांना हे येते. पहिले दोन आठवडे त्यांचा तास या शिक्षकांना बघू द्या. तीन दिवसांच्या सभागृहातल्या प्रशिक्षणापेक्षा याने जास्त काम होईल. दुसरी तक्रार पोर्शनची. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर धडा पूर्ण केला तर पूर्ण फक्त नोंदवहीत होतो, हे शिक्षकांनाही ठाऊक आहे. त्यांना वरून लेखी हवे असते की या तासामुळे पाठ मागे राहिले तर जाब विचारला जाणार नाही. ती एक ओळ आदेशात घाला.

हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शाळांत रोज एक तास इयत्तेऐवजी पातळीनुसार शिकवण्याचा प्रयोग झाला, त्यात मुलांचे वाचन सुधारले. तिथे दोन गोष्टी होत्या: तास वेळापत्रकात स्वतंत्र होता, आणि तालुका पातळीवरचे अधिकारी शाळेत येऊन वर्गात बसत होते. आपल्याकडेही केंद्रप्रमुखांनी भेटीत फाइल मागू नये. हजेरीपटावरून कोणतीही तीन मुले बोलवावीत, कार्ड वाचून घ्यावे, एक वजाबाकी सोडवून घ्यावी. पंधरा मिनिटांत शाळेची खरी स्थिती कळते. मासिक शिक्षण परिषदेत त्या तीन मुलांबद्दल बोलावे.

आणि कृपा करून या तपासणीची माहिती ऑनलाइन मागवू नका. यू-डायस आणि सरल या ऑनलाइन प्रणालींत माहिती भरणे, पोषण आहाराची रोजची नोंद, मतदार याद्या, हे आहेच. आकडा वर पाठवायचा म्हटले की तो वाढूनच पाठवला जातो, आणि मग खालच्या गटातली मुले कागदावर संपतात, वर्गात तशीच राहतात. पायरीचा एक कागद शाळेत राहू द्या.

१५ फेब्रुवारीची मर्यादा उन्हामुळे आहे. मार्चपासून सकाळची शाळा लागते आणि तासिका आखडतात. त्याआधी मौदा-कुहीकडे जुलैत धानाची रोवणी, काटोल-नरखेड-सावनेरकडे दिवाळीपासून कापूस वेचणी, कामठीकडे वीटभट्ट्या, यांत मुले आठ-पंधरा दिवस गायब होतात. घरातले मोठे शेतावर गेले की धाकट्याला सांभाळायला हीच मुले थांबतात. परत आल्यावर त्यांना गट जिथे पोहोचला तिथे बसवू नका, ती जिथे थांबली होती तिथून सुरू करा. पायरीचा कागद शाळेतच लागतो तो यासाठीही.

घाईचे कारण असे की डिसेंबर २०२३ च्या नियमानुसार पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, मग पुनर्परीक्षा, आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात बसणे आले आहे. या तुकड्यांतली पहिली २०२६-२७ मध्येच आठवीच्या परीक्षेला बसते, दुसरी पुढच्या वर्षी. पुनर्परीक्षेपूर्वीच्या जादा मार्गदर्शनात ५०३ − १७८ शिकवता येणार नाही.

तपासणीचे पत्रक, कार्डांचे दोन संच आणि वजाबाकीच्या चुकांचा तक्ता मराठी, हिंदी आणि उर्दूत तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत. छपाई संयुक्त शाळा अनुदानातून, म्हणजे समग्र शिक्षामधून शाळेला मिळणाऱ्या वार्षिक रकमेतून, होईल. ते वर्षअखेर आले तर मात्र नोटा आणि कार्डे पुढच्या वर्षीच्या मुलांना मिळतील. आदेश शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी निघावा, म्हणजे मुख्याध्यापकांना वेळापत्रक एकदाच लिहावे लागेल.

आपले,
नागपूर शहर आणि ग्रामीण भागात भाषा व गणित शिकवणारे काही शिक्षक आणि साधनव्यक्ती